जागची न हललेली लाट

चौगुले सरांची माझी पहिली भेट पंचगंगेच्या घाटावर झाली. मी कोल्हापूरच्या कॉलेजात नुकताच भौतिकशास्त्र शिकवू लागलो होतो. त्याच विभागातले सर मुलांना पाण्यातला एक दगड दाखवत होते. "पाणी बघू नका, ते चाललंय. दगडापाशी फुगवटा हाय, तो हलतोय का बघा की." हिवाळ्यात उत्तरेकडच्या अतिउंच हवेतही तापमानाची अशीच हजारो मैलांची लाट उभी असते, हे त्यांनी मला नंतर समजावले. डोंगर-समुद्रांवरून वारे वाहत जातात, पण एका बाजूची ऊब आणि दुसऱ्या बाजूची थंडी जागा सोडत नाही.

शिरोळच्या जैन शेतकरी घरातल्या या माणसाकडे यंत्रे नव्हती. परदेशी वेधशाळांचे छापील तक्ते मागवून एकेका अक्षांशावरची तापमाने ते हाताने आलेखावर मांडत. दर हिवाळ्यात लाट तिथेच सापडे.

त्यावरचा निबंध विभागप्रमुखांच्या सहीसाठी गेला. एकाच अक्षांशावर एवढा फरक असूच शकत नाही, असे ठरवून प्रमुखांनी तो 'सुधारला'. साऱ्या अक्षांशवृत्ताची सरासरी घातली. सरासरीत उंचवटा आणि खळगा एकमेकांना खाऊन टाकतात. उरली सरळ रेघ. ती सरांच्या नावाने, सरांना न दाखवता शोधपत्रिकेकडे रवाना झाली. 'नवे काही नाही' या शेऱ्यासह परत आली, तेव्हा प्रमुखांनी तो शेरा स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. मला त्याचा आजही संताप येतो. सरांच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी निदान या लेखावर हात फिरवू नये.

पुढे उपग्रहांनी तीच लाट मोजली. ती पुस्तकात आल्यावर प्रमुखांनी मोठ्या तोऱ्यात शिकवली. शेजारच्या खोलीत सर पहिल्या वर्षाच्या मुलांकडून लंबकाचा प्रयोग करून घेत होते.

सरांनी हा कडवटपणा कुणावर काढला नाही. मंगळवार पेठेतल्या खोलीत मी विषमज्वराने पडलो असताना ते रोज संध्याकाळी येऊन अंधार पडेपर्यंत बसत. सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत, म्हणजे माझ्यापायी रोज उपाशी झोपत होते, हे मला सरांच्या पत्नीकडून, वहिनींकडून, फार उशिरा कळले.

आज तेच प्रमुख सरांच्या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. सरांचा मूळ आलेख या ग्रंथात छापावा असे मी सुचवले, तर 'मंगलप्रसंगी जुने उकरू नये' असे उत्तर मिळाले. शाल-श्रीफळाला मात्र आम्ही कधी कमी पडत नाही. मी तणतणत सरांकडे गेलो.

"ऱ्हाऊ दे. भांडू नका," सर म्हणाले. मी निघायला उठलो तेव्हा म्हणाले, "पण माझं बरोबर हुतं, एवढं लिहा की."

लिहितो. सरांचे बरोबर होते. हे ज्यांनी म्हणायला हवे, त्यांना तशी बुद्धी होईपर्यंत, आणि ती होणारच नसेल तर त्या सगळ्यांना पुरून उरेल इतके निरोगी आयुष्य सरांना लाभो.