शालिनीताईंच्या चुका

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या, आणि कृपा करून मध्ये हसू नका. ज्या माणसाने जन्मभर इतरांच्या चुका दाखवल्या, त्याला स्वतःची चूक सांगताना काय यातना होतात, हे तुम्हाला कळायचे नाही. आणि चूक तरी साधी असावी? तिच्यापायी माझ्या सुनेचा चालता धंदा दुसऱ्याच्या घरी नांदायला निघाला होता.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आमचे घराणे मेंढपाळांचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि हातात काठी आली. पण मेंढरे चरत असली की माणसाचे डोळे मोकळे असतात. गावच्या वाचनालयातले एकही पुस्तक मी सोडले नाही. शेतीचे, आयुर्वेदाचे, इतिहासाचे, एक तर विमानाच्या इंजिनाचेही. म्हणून आमच्या धावडा गावात मला सगळे मास्तर म्हणतात. मी कोणालाही कधी शिकवलेले नाही. समोरचा चुकीचे बोलला की मला गप्प बसवत नाही, एवढ्यावरच ती पदवी मिळालेली आहे.

माझी सून मंदाकिनी. सगळे तिला मंदा म्हणतात. मी म्हणत नाही. ती येसर करून विकते. तुमच्यापैकी जे मराठवाड्याबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो: येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले पीठ. फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात ते कालवून सोडले की आमटी तयार. लग्नात येसराची आमटी नसली, तर आमच्याकडचे वऱ्हाडी पुढच्या लग्नापर्यंत नावे ठेवतात.

जालन्याच्या एका किराणा दुकानदाराला मंदाकिनीचा येसर आवडला. लग्नसराईत माझ्या फळीवर तुमचाच येसर राहील, असा शब्द त्याने दिला. त्या शब्दावर तिने अंगणात भाजायची नवी भट्टी बांधून घेतली, शेजारच्या दोन बायका कामाला लावल्या आणि मोबाइलवर येसराचे पान उघडले. पानावर लोकांचे प्रश्न येऊ लागले. तिचे हात पिठात. मग एके दिवशी तो मोबाइल तिने माझ्यापुढे ठेवला.

"मामा, तुमी रिकामेच बसून राह्यले. लोक काय इचारतेत त्याला तेवढं उत्तर देत जा."

"मी रिकामा नाही. मी वाचत असतो."

"मंग हे बी वाचायचंच काम है."

युक्तिवाद बिनतोड होता. मी जबाबदारी स्वीकारली.

आणि काय सांगू, ते काम मला फार मानवले. कोणी विचारी, "येसर किती दिवस टिकतो?" मी टिकण्याच्या कारणांसह उत्तर देई. कोणी नुसताच हात जोडल्याचे चित्र पाठवी. त्यालाही मी "आपला नमस्कार पोहोचला" असे कळवी. लोक मला 'आजोबा' म्हणू लागले, 'काय शुद्ध लिहिता' म्हणू लागले. गावात इतकी वर्षे शुद्ध बोलून जे मिळाले नव्हते, ते तिथे महिनाभरात मिळाले.

अशात शालिनीताई आल्या. नावाशेजारी गुलाबाचे फूल, मुखदर्शन नाही. मला वाटले, कुलीन बाई असेल. त्यांनी लिहिले, "येसरात बाजरी कच्चीच दळतात. तुम्हीही तेच करत असणार."

आता तुम्हीच सांगा. आमच्या पानावर, आमच्या येसराविषयी, आमच्या डोळ्यांदेखत हे असत्य. चार लोक वाचतील आणि खरे मानतील. मी लिहिले, "ताई, आपली माहिती चुकीची आहे. बाजरी आदल्या दिवशी भिजवून, सावलीत वाळवून, मगच मंद आचेवर भाजली जाते."

त्यांचे लगेच उत्तर आले. "अरे वा, आजोबा. नवीन ज्ञान मिळाले."

ज्ञान हा शब्द वाचून मला किती बरे वाटले, ते मी लपवत नाही.

पण शालिनीताईंचे अज्ञान खोल होते. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या की दगडफूल तेलात तळून घालतात. मी समजावले, तळले की वास जातो. भाजलेली बाजरी गरम असतानाच तिच्या राशीत दगडफूल पुरून वर गोणपाट झाकायचे. मग त्या धण्यांविषयी चुकल्या. मग मिरचीविषयी इतक्या चुकल्या, की मिरची आम्ही पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून कोणत्या तोडणीची आणतो, हेही मला लिहावे लागले. इतक्या चुका करणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला तिची दया येऊ लागली.

आणि एके दिवशी दयेच्या जागी संताप आला. त्यांनी लिहिले, "आजोबा, घरगुती येसर शहरात कोणी घेत नसते. तुम्ही उगाच मोठेपणा सांगता."

मोठेपणा? मी? मी तत्काळ जालन्याच्या त्या दुकानदाराचे नाव, दुकानाचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहून कळवला: "खात्री करून घ्यावी. लग्नसराईसाठी त्यांनी आमचाच माल पक्का केलेला आहे."

त्यांनी खात्री करून घेतली.

पंधरवड्यानंतर दुकानदाराचा फोन आला. मंदाकिनीने तो भट्टीशेजारी उभी राहून घेतला. मी ओट्यावर वाचत होतो. ती "हां", "हां", "कोण?" एवढेच बोलली. फोन ठेवून ती ओट्यावर आली.

"मामा, बदनापूरचा कोनी मानूस त्याच्याकडं येसर घेऊन आल्ता. मोठी मशीन लावली म्हने त्यानं. चव बराबर आपल्यासारखी. पाकीट आपल्यापेक्षा भारी. आता दुकानदार म्हनतो, दोघांचा बी माल ठेवतो, ज्याचा खपंल त्याचीच फळी."

"योगायोग असेल," मी म्हणालो. "पाककृतींत साम्य आढळते."

तिने माझ्याकडे पाहिले, मोबाइल उचलला आणि पानावरची माझी उत्तरे खालून वर वाचत गेली. मोठ्याने. बाजरी. गोणपाट. दगडफूल. धणे. मिरचीची तोडणी. माझे गद्य इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

"गिऱ्हाइकाचा नंबर बी दिला, मामा?"

"पुरावा म्हणून."

"पुरावा," ती म्हणाली आणि खाली बसली.

नेमके त्याच वेळी रहीमभाई दळणाचा डबा घेऊन आले. त्यांची पिठाची चक्की आहे आणि आमचा येसर त्यांच्याकडेच दळला जातो. लहानपणापासूनचे मित्र. घडले ते त्यांना कळायला फार वेळ लागला नाही, कारण मंदाकिनीने मोबाइलच त्यांच्या हातात दिला.

"या अल्ला," ते शांतपणे म्हणाले. "मास्तर, चोर रात्रीचा येतो, भिंत फोडतो, मेहनत करतो. तुमी तर त्याला दिवसाढवळ्या बोलावलं, चहा पाजला, अन् तिजोरी कुटं है ते बी शुद्ध भाषेत सांगितलं."

"शालिनीताई चोर नाहीत. त्या अज्ञानी आहेत."

"ही शालिनीताई? मास्तर, गुलाबाला मिशा है. बदनापूरला बसून तुमचे धडे लिहून घेऊन राह्यला तो, आन् तुमी त्याला ताई म्हनून राह्यले."

मी शालिनीताईंच्या सगळ्या चुका एकापुढे एक ठेवून पाहिल्या. बाजरी, मग दगडफूल, मग धणे, मग मिरची. येसर करण्याचा क्रम नेमका तोच. अज्ञानी माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही. हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते. पण मी उत्तरे देण्यात इतका गुंग, की प्रश्न कोण विचारतो हे पाहण्याची मला गरजच भासली नाही.

मी मंदाकिनीची क्षमा मागितली. पान दुसऱ्याकडे सोपव, असेही म्हणालो. तिने मोबाइल माझ्याकडेच राहू दिला. याचे मला फार कौतुक वाटले. म्हणालो, सून असावी तर अशी.

चार दिवस गेले असतील. ती डाळ निवडत होती, रहीमभाई बाजूला बसले होते. ती हळूच म्हणाली, "मामा, एक सांगू का? घरच्याला सांगायला काय. बदनापूरवाल्याला सगळं भेटलं, पर असली गोष्ट न्हाई भेटली. भाजलेल्या शेंगदान्याचं कूट. त्यानंच आमटीला अंग येतं."

"शेंगदाणे? भट्टीवर तर मी कधी पाहिले नाहीत."

"दळताना चक्कीवर टाकते. म्हनून तुमाला ठावं न्हाई."

मी रहीमभाईंकडे पाहिले. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "बराबर है. दळताना मीच टाकतो. बिलकुल कोनाला कळता कामा नये, मास्तर."

मी शब्द दिला. आणि तो पाळण्याचा माझा निश्चय पक्का होता, हे कृपया ध्यानात घ्या. शालिनीताईंना मी उत्तर देणेच सोडले. त्यांनी लिहिले, "आजोबा, रागावलात का?" मी गप्प. "तब्येत बरी आहे ना?" मी गप्प. माझ्या संयमाचे मलाच आश्चर्य वाटत होते.

मग त्यांनी लिहिले, "जाणकार म्हणतात, आता तुमच्या येसरात आणि बदनापूरच्या येसरात काहीही फरक उरलेला नाही."

मी मोबाइल पालथा ठेवला. पुस्तक उघडले. एक पान वाचले. काय वाचले ते कळले नाही. पुन्हा मोबाइल पाहिला. खाली आणखी दोघांनी लिहिले होते, "खरं आहे." खरे? हे खरे? त्या वाक्यात सत्याचा लवलेश तरी होता का?

मी फक्त एवढेच लिहिले, "फरक आहे."

"कोणता?"

"तो सांगता येणार नाही."

"म्हणजे नाहीच."

इथे तुम्ही काय केले असते? मी दिलेला शब्द मोडला नाही. सरळ सांगणे आणि दिशा दाखवणे यांत भेद असतो, असा विचार करून मी अत्यंत मोघम लिहिले: "जाणकारांनी भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटाविषयी चिंतन करावे."

पाठवल्यावर ते वाक्य मी पुन्हा वाचले. मोघम नव्हते.

ते काढून कसे टाकायचे हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारायचे कोणाला? मी जेवलो नाही. मंदाकिनी म्हणाली, "मामा, बरं वाटंना का?" मी म्हणालो, उष्मा वाढला आहे. वाढलाच होता. चैत्र संपून वैशाख लागला, लग्ने जोरात सुरू झाली, आणि दुकानदाराकडून बातमी आली की बदनापूरच्या येसराची चव आता आपल्याहून जड लागते, लोक तोच मागतात. आमची पाकिटे मागच्या फळीवर गेली. कामाच्या दोन बायका घरी बसल्या. मंदाकिनीची भट्टी थंड पडली. ती मात्र शांत होती, आणि तिची ती शांतता मला जास्त लागत होती. रोज सकाळी वाटे, सांगून टाकावे. रोज धीर होत नसे.

आणि मग एका दुपारी दुकानदाराचा फोन आला. या वेळी तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की ओट्यावर मलाही ऐकू येत होते. बदनापूरचा सगळा येसर खवट झाला. उघडलेले पाकीट नाकाशी नेववत नाही. एका लग्नात आचाऱ्याने पातेले ओतून दिले. लोक पाकिटे परत आणून आपटत आहेत. पुढच्या लग्नतिथीआधी तुमचा माल पाठवा, जेवढा असेल तेवढा, फळी तुमची, लेखी देतो.

मंदाकिनीने फोन ठेवला आणि शेजारणींना हाका मारल्या. भट्टी पेटली. रहीमभाई चक्की सोडून आले. अंगणात सगळीकडे आनंद, आणि मला मात्र माझे पाप आतून खात होते. मला वाटले, आता सांगितलेच पाहिजे. उभा राहिलो.

"मंदाकिनी, मी तुझा अपराधी आहे. शेंगदाण्याच्या कुटाचे मी पानावर लिहिले होते. दिलेला शब्द मोडला. आपल्या सुदैवाने त्या कुटानेच त्याचा माल बिघडला असावा. पण एक मला उमगत नाही. कूट तर आपल्याही येसरात असते. मग आपला कसा खवट होत नाही?"

रहीमभाईंनी तोंड फिरवून रुमाल ओठांना लावला. मंदाकिनी उलथणे हलवत राहिली.

"मामा, शेंगदान्याला तेल सुटतं. असल्या उन्हात पीठ महिनाभर बी टिकत न्हाई. ज्यानं एकदा जरी येसर केला त्याला हे ठावं असतं. म्या उभ्या जन्मात शेंगदाना टाकला न्हाई."

"पण तूच मला सांगितलेस की टाकतेस."

"व्हय, सांगितलं."

"कामून?" माझ्या तोंडून निघाले. शुद्ध भाषा तेवढ्यापुरती मला सोडून गेली होती.

"आता बदनापूरला आपली कोन वळख है, मामा? तुमाला नसतं सांगितलं, तर त्याला कळलं कसं असतं?"

तेव्हापासून पान माझ्याकडेच आहे. गुलाबाचे फूल दिसेनासे झाले. धंदा उत्तम चालला आहे. माझी मात्र फार पंचाईत झालेली आहे. घरात कोणी मला काही सांगितले, की ते खरे आहे की पुढे पोहोचवण्यासाठी आहे, हे मला कळेनासे झाले आहे. कालच मंदाकिनी चहा देताना म्हणाली, "मामा, या घरात तुमच्यावानी हुशार मानूस दुसरा न्हाई."

मी अजून विचार करतो आहे, की हे तिने मला सांगितले, की बदनापूरला.