‘आईला द्या ना’

आमचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन पुन्हा कुरकुरलं, तर ते गिऱ्हाइकालाच झापायचे. असा हा माणूस एकाच यंत्रापुढे हात टेकायचा, ते म्हणजे टेलिफोन. दर रविवारी दुपारी परदेशातून ताईचा फोन यायचा. बाबा पहिल्याच रिंगला झडप घालायचे. "जेवलात? तब्येत बरी? बाबा, आईला द्या ना." झालं! मग आई खुर्ची ओढून बसायची, हळू आवाजात बोलायची, मधूनच "अगं बाई!" म्हणून खुदखुदायची. बाबा समोर तेलाची कुपी पुसत बसायचे. काय म्हणाली विचारलं, तर आई म्हणे, "काही नाही हो, आमचं आपलं." त्या ‘आमचं’ने बाबांच्या पोटात असं दुखायचं की विचारू नका.

म्हणून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणि मोडेम आणला. ईमेल! ताई आणि बाबा, मध्ये आई नाही. ईमेलचा पत्ता ताईला कळवावा लागला तो मात्र आईच्याच तोंडून, कारण बाबांच्या वाट्याला फोन तेवढा वेळ यायचाच नाही. आईला टायपिंग येत नाही, हे त्यांनी मला मोठ्या आनंदाने ऐकवलं. मला येत होतं; पण मला कोण लिहिणार? मी धाकटी, घरातच असलेली. माझ्याशी बोलायला मोडेम लागत नव्हता, म्हणून बाबा बोलतही नसत. जळायचा हक्क मलाही होता, पण त्या घरात माझा नंबर लागायचा कधी?

दुकान बंद फक्त रविवारी. जेवण झालं की बाबा बसायचे. मोडेम किंचाळायचा, घरघरायचा, एकदाचा जोडला जायचा. बाबा एका बोटाने लिहायला लागायचे, आणि मजकूर अर्ध्यावर आला की लाइन मान टाकायची. पाठोपाठ फोन वाजायचा. ताई!

"बघा, लाइन मोकळी झाली नि तिचा लागला," आई म्हणायची. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नशीबसुद्धा हिच्याच बाजूने!

टाका सुटला की दोष दोऱ्यात असतो नाहीतर ताणात, हे त्यांचं धंद्यातलं गणित. त्यांनी वायर बदलली. भिंतीवरचं सॉकेट उघडून घासलं. स्वयंपाकघरातला आईचा जोडफोन काढून टाकला. त्यात हेतू अगदी शुद्ध होता असं मी म्हणणार नाही. मोडेमला तेल द्यायला निघाले, तेव्हा मी हात धरला. रविवारी पुन्हा तेच.

शेवटी मीच इंटरनेट कंपनीला फोन लावून दिला. तिथल्या माणसाने विचारलं, "काका, कॉल वेटिंग आहे का?"

होतं. दुसरा फोन आला की लाइनीवर बीप वाजते आणि त्या बीपने मोडेमची लाइन तुटते. म्हणजे लाइन तुटते म्हणून ताईचा फोन लागतो, असं नव्हतंच. ताईचा फोन येत होता म्हणून लाइन तुटत होती.

"नेटच्या नंबराआधी कॉल वेटिंग बंद करायचा कोड टाका. नेट चालू असेपर्यंत बाहेरचा फोन येणारच नाही."

"मग समोरच्याला?"

"एंगेज लागेल."

बाबांचा चेहरा इतका खुलला की मला त्यांचा रागच आला. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले, "तिला कळायचं नाही, तांत्रिक आहे."

पुढच्या रविवारी कोड टाकला. लाइन जागची हलली नाही. बाबा दुकान, गुडघा, नवं मोटरचं मशीन, सगळं सविस्तर लिहीत सुटले. आई फोनशेजारी खुर्ची ओढून बसली होती.

"आज उशीर झाला हो."

"असेल कामात," बाबा मागे न बघता म्हणाले.

"बरी असेल ना?"

बाबांचं बोट आणखी जोरात चालायला लागलं. तेवढ्यात पडद्यावर ताईचं पहिलंवहिलं ईमेल आलं. बाबांनी चष्मा पुसला. मी पाठीमागून वाचलं.

"बाबा, फोन कधीचा एंगेज लागतोय. नेट बंद करा ना. आईशी बोलायचंय."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. बाबांनी ते पुन्हा एकदा वाचलं, स्वतःचं लांबलचक पत्र तसंच सोडलं आणि मोडेमची वायर उपसली. फोन लगेच वाजला. आईच्या आधी त्यांनीच उचलला, आणि पलीकडून आवाज यायच्या आत म्हणाले, "देतो."