कोल्ह्याचं पाचवं बोट

मिलिंदच्या बायकोचा, ज्योतीवहिनींचा, फोन आला तेव्हा मी लातूर स्टेशनवर मुलीला गाडीत बसवून परत निघालो होतो. "भाऊजी, हे गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी जेवून पडले होते, चहाला उठवायला गेले तर... तसाच नांदेडच्या बसमध्ये बसलो. वाटेत चाकूर आलं, उसाच्या रसाच्या गाड्या आणि जीपवाल्यांचा गलका खिडकीतून आत आला, आणि मला बाहेर बघवेना. मिलिंद आणि मी याच गावात भिंतीला भिंत लागून वाढलो.

मिलिंदच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. आम्ही शाळेत जायला लागलो त्याच सुमारास शेजारच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या, म्हणजे वैरण कापायच्या, यंत्रात ती गेली. चाक कुणीतरी फिरवत होतं, हा पेंढी सरकवत होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, आधी त्याला दवाखान्यात नेलं आणि परत आल्यावर ते तुटलेलं बोट फडक्यात बांधून कुठंतरी पुरलं. कुठं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोरगं तिथं जाऊन उकरत बसेल अशी त्यांना भीती असावी. शाळेत गुरुजी बोटांवर आकडे मोजायला लावत. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून मिलिंद नऊपर्यंत नीट यायचा. मग उजव्या हाताचं एक बोट डाव्या हाताच्या कडेला, नुसत्या हवेत टेकवायचा आणि म्हणायचा, "धा." वर्गातली पोरं हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण ते बोट हवेत ज्या जागी थांबायचं ती जागा रोज तीच असायची. तिथं काहीतरी असल्यासारखं ते अडायचं.

पुढं माझा मामा लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून रद्दीतली चित्रकथांची पुस्तकं आणायला लागला. माणसासारखी वागणारी जनावरं, टोपी घातलेला ससा, शाळामास्तर अस्वल, स्वस्त छपाई आणि रेघेबाहेर गेलेले रंग. मिलिंदला ती पुस्तकं बघताक्षणी आपली वाटली. त्यातल्या प्रत्येक जनावराच्या हाताला तीन बोटं आणि एक अंगठा होता, त्याच्या डाव्या हातासारखा. "सगळी माझ्याच भावकीतली हायेत की," तो म्हणाला. मग आम्हाला त्या पुस्तकांतल्या चुका सापडायला लागल्या. सशाचे भाचे मुखपृष्ठावर तीन असायचे, कलिंगड कापायची वेळ आली की चार व्हायचे, आणि चौथ्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. घराच्या दारावरचा नंबर बाहेर पडताना एक असायचा, परत येताना दुसराच. अस्वलमास्तर बोटांवर दहापर्यंत मोजून दाखवायचे. "आठच बोटं हायेत, लेका, आन् धा मोजून राहिलंय. उरलेली दोन कुठली आणली?" मिलिंद विचारायचा. चित्रकार कंटाळला असेल, मी म्हणायचो. त्याला ते पटायचं नाही.

एके दिवशी ओट्यावर वाचता वाचता तो थांबला आणि हाताच्या कडेची हवा खाजवायला लागला. "हितं खाजून राहिलंय," तो म्हणाला. "पान उलट." मी उलटलं. कलिंगडाला हात घालणाऱ्या अस्वलाला त्या चित्रात पाच बोटं होती. पुढच्या चित्रात पुन्हा चार. यानं पुस्तक आधीच बघितलं असेल असं मला वाटलं, म्हणून मामानं आणलेला नवा गठ्ठा मी सुतळी न सोडता आणला आणि त्याच्या समोर सोडला. पानं मी उलटत होतो, तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं हळूच हाताची कड चोळली. माझ्या हातातल्या पानावर ससा रेल्वेच्या खिडकीतून निरोपाचा हात हलवत होता, आणि त्या हाताला करंगळी होती. मी पुस्तक मिटलं. मिलिंद वळून म्हणाला, "भिऊ नको. ते माझंच हाय. अण्णांनी पुरलं, पर ते काय मातीत ऱ्हायलं न्हाई. तिकडं गेलंय. मधीमधी दिसतं." त्यानंतर मी त्याच्याबरोबर ती पुस्तकं वाचली नाहीत. भीती वाटायची हे खरं आहे.

तो पुढं नांदेडला एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला. ज्योतीवहिनी तिथंच शिकवायच्या. लग्न झालं, मुलगी झाली, आणि एका स्थानिक वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्याची चित्रपट्टी सुरू झाली. बसस्टँडसमोर चहाचं हॉटेल चालवणारा एक कोल्हा, आणि गिऱ्हाईक म्हणून येणारी भोकरपासून किल्लारीपर्यंतची जनावरं. ती आपल्याच बोलीत बोलायची आणि लोकांना फार आवडायची. सगळ्यांना चारच बोटं. एका रविवारी मी ती पट्टी लातुरात चहा पिता पिता वाचली, आणि शेवटच्या चौकटीत कप पुढं करणाऱ्या कोल्ह्याचा हात बघून मी हातातला कप खाली ठेवला. मी मिलिंदला फोन केला. "दिसलं व्हय तुला?" तो म्हणाला. पुढच्या भेटीत त्यानं मूळ चित्र दाखवलं. शाईनं काढलेली स्वच्छ चार बोटं. छापलेल्या कागदावर पाच. छापखान्यात डाग पडला असेल असं संपादकांचं म्हणणं होतं. मी डाग निरखून बघितला. त्या डागाला नखसुद्धा होतं.

गेल्या वर्षी त्याचा डावा हात बधिर व्हायला लागला. आधी करंगळीच्या जागेशेजारचं बोट, मग तळवा, मग मनगट. खडू धरताना त्रास होत नसे, कारण तो उजव्या हातानं लिहायचा, पण चित्र काढताना कागद दाबून धरता येईना. "दत्ता, हात हळूहळू तिकडं चाललाय," तो मला म्हणाला, अगदी शांतपणे, बदलीची बातमी सांगावी तसं. वहिनी घाबरल्या. मी त्याला लातूरला डॉक्टरांकडं आणलं. छातीची, मेंदूची, मानेची, सगळी तपासणी झाली. कुठंच काही निघालं नाही. नसेचा त्रास असेल म्हणून गोळ्या दिल्या. त्या तो नियमानं घेत होता. बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. मी विचारलं, "भीती वाटते का?" "लई दिस झाले, ते एकटंच हाय तिकडं," तो म्हणाला. "मला ज्योतीची काळजी वाटती. बाकी काय न्हाई." आमचं शेवटचं नीट बोलणं तेच...

परवा पुन्हा नांदेडला गेलो होतो. त्याच्या खोलीत उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती, भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली ब्रश धुऊन उभे ठेवलेले. वहिनींनी ट्रंक उघडली आणि म्हणाल्या, "तुमची लहानपणची पुस्तकं हायेत, बघा." वर त्याचं नाव त्याच्याच कच्च्या अक्षरात होतं, माझ्या हातून फाटलेले कोपरेही तसेच होते. मी कलिंगडाचं पान काढलं. अस्वलाला चार बोटं होती. रेल्वेच्या खिडकीतला ससा काढला. चार. तळाशी कोल्ह्याचं ते कात्रण होतं, पिवळं पडलेलं. कप पुढं केलेल्या हाताला तीन बोटं आणि अंगठा, कडेला कागद कोरा. डाग पडल्याची खूणसुद्धा नव्हती.

वहिनी शेजारी येऊन बसल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, लग्न ठरतानाच त्यानं सांगितलं होतं. त्यांनी चष्मा लावला, कात्रण जवळ घेऊन कोल्ह्याच्या बोटांवरून सावकाश आपलं बोट फिरवलं, एकेक मोजत. मग कडेला, जिथं काही नव्हतं, तिथं जरा थांबल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सापडलं त्यांना."

मिलिंद गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं.