स्वरूपाच्या सुट्या भागांची फ्लॉपी

गुरुवार, दि. १२ ऑगस्ट १९९९ रोजी बारामतीच्या एका संगणक वर्गाने स्वतः बनवलेली संकेतस्थळे समारंभपूर्वक दाखवली. त्यांतील प्रत्येक पान ज्या सुट्या भागांतून जुळवले होते ते शेळगावच्या स्वरूपाने घडवले होते. तिचे नाव कोणी उच्चारले नाही. मी त्याच वर्गात शिकवत होतो आणि गप्प बसलो, हेही येथे नोंदवतो.

स्वरूपा विज्ञानाची पदवीधर; गिऱ्हाइकांना संकेतस्थळे बनवून देई. वडील गेणबा यांनी मेंढरे विकून शेती धरलेली. प्रत्येक गिऱ्हाइकाचे पान पहिल्या ओळीपासून लिहिणे तिला अडाणीपणाचे वाटे. दोन वर्षे खपून तिने बटण, तक्ता, अर्ज, शीर्षपट्टी असे चाळीस भाग एका फ्लॉपीवर सिद्ध केले. एका ठिकाणी रंग आणि अक्षरांचा आकार बदलला, की तेच भाग पतसंस्थेलाही शोभत आणि रोपवाटिकेलाही. प्रत्येक भागात, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळीत, तिचे नाव असे.

मागेल त्याला ती प्रत देई. काही लेखी घे, असे मी सुचवले, तेव्हा शेजारी बसलेले गेणबाच म्हणाले, ‘‘मास्तर, आमची मेंढरं धा कळपांत मिसळायची. पाठीवरची खूण कुणी पुसत न्हाय.’’

आमच्या संचालकांनी पुसली. समारंभाच्या आदल्या दिवशी चाळीसही ओळी काढून टाकायला लावल्या. स्वरूपा तेव्हा लग्न होऊन कोऱ्हाळ्यास गेली होती. समारंभाला आली, पानामागचा मजकूर उघडून पाहिला आणि आपले नाव कुठे गेले, असे संचालकांना विचारले. ते हसून म्हणाले, ‘‘ताई, बटणाला कुणी आईबाप विचारतं का?’’

तिची मूळ फ्लॉपी बुरशीने गेली आहे. सासरी संगणक नाही. बाजाराच्या दिवशी ती वर्गात येते, पिशवी पायाशी ठेवून माझ्या मागे उभी राहते आणि आपला तक्ता उघडायला सांगते. मागच्या खेपेस म्हणाली, ‘‘सर, हा निळा मला कधीच आवडला नव्हता. एकदा बदलू?’’ तिला यंत्रावर बसवू नये, असा मला हुकूम आहे. तिने उत्तराची वाट पाहिली, मग एसटीची वेळ झाली.

वाचकहो, त्या समारंभापूर्वी ज्यांनी तिच्याकडून प्रत नेली, त्यांनी ती माझ्या जळोचीच्या घरी आणून द्यावी. ज्यांची पाने त्या भागांवर उभी आहेत, त्यांनी तिचे नाव त्यांत लिहावे. आणि या वेळी ते वाचता येईल असे लिहावे.