पेशींची दारं

सकाळी बाबा गॅलरीतल्या खुर्चीत ताठ बसतात, पंप तोंडाशी धरून औषध ओढतात आणि श्वास रोखतात. तेवढा वेळ आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी असते. बाबांनी श्वास सोडला की पोळीकडे वळते.

परवा माझी भाची आली होती. ती प्रयोगशाळेत फुप्फुसांच्या पेशींवर काम करते. आईने तिला विचारलं, "औषध छातीत पोचलं की झालं ना गं?"

"नाही आजी. पेशीच्या पडद्यात बारीक बारीक दारं असतात. काही दारं औषधाला आत घेतात. काही मात्र विषारी द्रव्यं बाहेर काढण्यासाठीच असतात. ती कधी औषधालाही बाहेर ढकलतात."

"म्हणजे ह्यांच्यासारखीच," आई म्हणाली.

उठताना कुणी हात पुढे केला, तर बाबा तो झिडकारतात. पण त्या दारांचा मला राग येईना. बाबांचं उभं आयुष्य वीटभट्टीच्या धुरात गेलं. इतकी वर्षं नको ते बाहेर काढत राहिलेल्याला, आता हवंसं काही आलंय हे एकदम कसं कळावं?

आज मी आईच्या मागेच उभा होतो. बाबांनी श्वास रोखला, तेव्हा तिनेही रोखला होता. दोघांनी बरोबरच सोडला.

मग ती गॅलरीत खुर्चीला लागून उभी राहून दोरीवरचे कपडे काढू लागली. हात काही तिने पुढे केला नाही. उठताना बाबांनी आपणहून तिच्या खांद्याचा आधार घेतला.