आत्याबाईंचे डोळे

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुणाचं तोंडभरून कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही. मयतीहून परततानाही म्हणत, "जित्तेपनी पानी इचारलं न्हाय, आता तोंडात गंगा वततेत." मी चौथी शिकलेली, चारचौघांत माझा आवाज निघत नाही. त्यावर म्हणत, "हिच्यापरीस आमची शेळी बोलकी."

लोहाऱ्याला नेत्रदानाचं शिबिर होतं, तिथं त्यांनी फॉर्म भरला. शेजारणी म्हणाल्या, "डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळं व्हावं लागतंय." आत्याबाई म्हणाल्या, "व्हय का? मंग समदं अंगच जाळता की. पुढच्या जन्मी नुसता धूर व्हनार का गं तुमचा?" तिथला नंबर त्यांनी मला लिहून घ्यायला लावला. "फोन तू करायचा. बाकीचे रडन्यात गुंततील."

गेल्या साली एका सकाळी त्या गेल्या. माझे मालक अंगणात सुन्न बसलेले. दीर मात्र गळा काढून म्हणाले, "माझ्या आईच्या डोळ्याला हात लावू देनार न्हाय!" याच डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी दोन वर्षं त्यांना सवड नव्हती, शेवटी आत्याबाई शेजारणीबरोबर एसटीनं जाऊन ऑपरेशन करून आल्या. मग जाणती माणसं म्हणाली, "लेकी येऊ द्या, मंग ठरवू." लेकी पुण्याहून निघालेल्या, यायला संध्याकाळ होणार. डोळे तर सहा तासांच्या आत काढावे लागतात, हे शिबिरात मीही ऐकलं होतं.

तिथं सांगितल्याप्रमाणं मी पंखा बंद केला, त्यांच्या पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला आणि चुलीपाशी जाऊन फोन लावला. आवाजच फुटेना. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला. शेवटी गावाचं नाव सांगितलं. मग भरल्या अंगणात येऊन मालकांना म्हणाले, "डॉक्टरांची गाडी निघालीय. तुमची सही लागंल."

मालकांनी सही केली.

लेकी आल्या तेव्हा आत्याबाईंचा चेहरा होता तसाच होता. थोरलीनं त्यावरून हात फिरवला. "काढले व्हय? कळत बी न्हाय."

दहाव्याला दीर पाव्हण्यांना सांगत होते, "आमी म्हनलं, काय बी होवो, आईचे डोळे द्यायचेच!" मला हसू फुटलं. घाईनं पदर तोंडाला लावला, तर शेजारीण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती रडशील बाई? लई जीव व्हता सासूवर."

होता, हे खरंच.