अर्ध्या मनाचं मागणं

झुंबरबाई म्हणजे दौंडच्या रेल्वे चाळीतली सगळ्यात तोंडाळ बाई. नळावर तिच्याशी भांडून कुणी आपली घागर पुढं सरकवली असेल तर शपथ. पण चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी दर महिन्याला वाटायच्या भाकरीची ताटली आली, की हीच बाई मान खाली घालून मुक्यासारखी बसायची. नऊ वर्षं तिनं त्या भाकरीला हात लावला नाही. लोक म्हणायचे, बाई फार भाविक, स्वतःला लायक समजत नाही. डोंबलाची भाविक! बाई घाबरली होती.

त्याचं असं झालं. अडुसष्ट साली तिचा एकुलता एक शमू सहा वर्षांचा असताना घटसर्पानं आजारी पडला. डॉक्टरांनी हात टेकले. झुंबरबाईनं लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतलेला, पण तिची आई रंगुबाई जुन्या देवांचीच राहिली होती. ती तळेगावहून धावत आली आणि लेकीच्या कानाशी लागली, की तुझ्या येशूला माग, पण मरीआईलाही विसरू नको. नवरा बन्सी ड्यूटीवर गेलेला बघून झुंबरबाईनं खुराड्यातली तांबडी कोंबडी पदराखाली घेतली आणि भीमेच्या काठी मरीआईला देऊन आली. संध्याकाळी नवऱ्याशेजारी गुडघे टेकून येशूचीही करुणा भाकली. चौथ्या दिवशी पोरानं पेज मागितली. चर्चमध्ये बन्सीनं उभं राहून साक्ष दिली, की येशूनंच पोर वाचवलं. झुंबरबाईला मात्र कळेना, पोर नेमकं दिलं कुणी. दोन दारं ठोठावलेल्या हातानं प्रभूची भाकर घेतली तर पोर परत जाईल, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

बन्सी चर्चचा पंच. ताटली फिरवायचं काम त्याचंच. दर महिन्याला तो तिच्या बाकाशी क्षणभर थांबायचा, वाट बघायचा आणि पुढं जायचा. का घेत नाहीस, म्हणून त्यानं एकदाही विचारलं नाही.

सत्त्याहत्तर साली शमूला कावीळ झाली. रंगुबाईनं पुन्हा मरीआईचं नाव काढलं, तर झुंबरबाईनं आईला घराबाहेर काढलं. अकरा दिवस तिनं उपास करून एकाच देवाचे पाय धरून ठेवले. बाराव्या दिवशी पोर गेलं. पंधरा वर्षांचं, नुकतं मिसरूड फुटत होतं हो त्याला. काय म्हणायचं देवाला तरी!

माती दिल्यानंतरच्या शनिवारी तिनं बन्सीला सांगितलं, उद्या मी चर्चला येत नाही. मग नऊ वर्षं पोटात ठेवलेलं सगळं ओकली. शेवटी म्हणाली, "अर्ध्या मनानं मागितलं तवा त्यानं दिलं. पुऱ्या मनानं मागितलं तवा नेलं. असला कसला देव तुमचा?"

बन्सी भिंतीला टेकून बसला होता. "कोंबडी गेली त्याच सांजंला मला कळलं व्हतं," तो म्हणाला. "रोज मीच झाकायचो न्हवं कोंबड्या. तवाच मी देवाला म्हणलो, माझ्या बायकूनं अर्ध्या मनानं मागितलंय, तू पुरं दे. त्यानं नऊ वर्षं दिली."

"मग आता का नेलं?"

"ते मला न्हाई ठावं." त्याला रडू आवरेना. "पर तुझ्या कोंबडीपायी न्हाई, एवढं ठावं हाय."

सकाळी ती चर्चला गेली, ती केवळ बन्सी एकटा दिसू नये म्हणून. तो ताटली घेऊन तिच्या बाकाशी आला आणि थांबला. पण आज तो पुढं सरकेना. पाळकसाहेब बघायला लागले, बायका बघायला लागल्या. झुंबरबाईच्या मनात देवाचा राग होता, मरीआईची भीती अजून होती, आणि पोराचं दुःख तर ताजंच. मन पुरं साफ झाल्यावरच हात पुढं करायचा, असं ती इतकी वर्षं धरून बसली होती. यातलं काही जाईना. तसंच सगळं घेऊन तिनं भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. गिळवेना तिला. मागच्या बाकांवरची माणसं खोळंबली होती, पण तिचा घास उतरेपर्यंत बन्सी तिथंच उभा राहिला.